सरवा आणि दीड हजार

अभ्यासपाठ
वाचनासाठी : अनुवाद २४:१९-२२, रूथ, अध्याय २, प्रेषितांची कृत्ये ६:१-६



शिक्रापूरच्या आसपासच्या आदिवासी वस्त्यांवरील कामाचा अहवाल द्यायला मी मंडळ्यांमध्ये जाते, तेव्हा दोन प्रश्न हमखास येतात. पहिला सभेतच येतो : सरकार आता बायकांच्या खात्यात दर महिन्याला दीड हजार टाकते, मग आपल्या वर्गणीची गरज काय? दुसरा सभा संपल्यावर, चहाच्या वेळी, जरा हळू आवाजात येतो : बाईच्या हातात पैसा आला की नवरा तो हिसकावतो, दारूत घालवतो आणि मारहाण उलट वाढते, असे म्हणतात ते खरे का? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. मी दुसरा आधी घेते, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर आहे.

त्यासाठी रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडू या. सरवा हा शब्द आपल्या पवित्र शास्त्रात आहे आणि गावरान बोलीतही आहे. पीक निघाल्यावर शेतात जे मागे राहते ते वेचून नेणे म्हणजे सरवा. भुईमूग उपटून झाला, कांदा भरून ट्रॅक्टर गेला की वस्तीवरच्या बाया पोरांना घेऊन त्या रानात उतरतात आणि संध्याकाळपर्यंत पाटीभर वेचून आणतात. नियमशास्त्राने सांगितले होते की विसरलेली पेंढी घ्यायला मागे फिरू नका, ती उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी आहे. ही शेतकऱ्याची मेहेरबानी नव्हती. तो त्यांचा हक्क होता. आजच्या सरकारी भाषेत सांगायचे तर ती सामाजिक सुरक्षा योजना होती आणि रूथ पूर्ण पात्र लाभार्थी होती : विधवा आणि परदेशी.

पण नववे आणि बाविसावे वचन नीट वाचा. बवाज रूथला सांगतो की तुला कोणी हात लावू नये अशी ताकीद मी गड्यांना दिली आहे. घरी आल्यावर नामी तिला बजावते की त्याच्याच दासींबरोबर राहा, दुसऱ्याच्या शेतात तुला कोणी त्रास देईल. म्हणजे हक्क होता, धान्य होते, आणि तरीही त्या रानात बाईला भीती होती. बवाजाने दोन गोष्टी केल्या. पेंढ्यांतून मुद्दाम थोडे काढून टाकायला सांगितले, म्हणजे मदतीची रक्कम वाढवली. आणि पुरुषांशी बोलला. पहिल्या गोष्टीवर मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. दुसऱ्या गोष्टीवर क्वचितच.

आता आपल्या काळाकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. देशाचे प्रमाण सुमारे २९ टक्के आहे. हे आकडे आदिवासींचे नाहीत, सगळ्यांचे आहेत. रविवारी आपल्या बाकांवर बसणाऱ्या बहिणीही त्यात आल्या. याहून बोचणारा आकडा पुढचा आहे. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच कुणाची मदत मागितली. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही.

पैशाने हे कमी होते की वाढते? या प्रश्नाचा बऱ्याच देशांत अभ्यास झाला आहे. इक्वेडोरच्या उत्तर भागात २०११ साली जागतिक अन्न कार्यक्रमाने गरीब कुटुंबांना सहा महिने रोख रक्कम, धान्य किंवा कूपन दिले. मदत प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती दिली. घरातली मारहाण कमी झाली. २०१८ साली अशा २२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातल्या १६ अभ्यासांत हिंसा घटलेली दिसली. म्हणजे चहाच्या वेळची शंका अगदीच निराधार नाही, सगळीकडे सारखे घडत नाही; पण कल स्पष्ट आहे.

मला सर्वांत शिकवून गेला तो बांगलादेशातला प्रयोग. तिथे २०१२ ते २०१४ अशी दोन वर्षे काही गावांत स्त्रियांना फक्त पैसे किंवा धान्य दिले. काही गावांत त्यासोबत आहाराविषयी नियमित बैठका घेतल्या, घरी भेटी दिल्या, घरातल्या इतरांशी आणि गावातल्या वजनदार माणसांशीही बोलणे ठेवले. मदत बंद झाल्यावर सहा ते दहा महिन्यांनी पुन्हा विचारपूस केली. जिथे नुसती मदत दिली होती तिथे हिंसेत टिकणारा फरक उरला नव्हता. जिथे मदत आणि बैठका दोन्ही होत्या तिथे शारीरिक हिंसा २६ टक्क्यांनी कमी होती. आणि त्या बैठकांत मारहाणीचा विषयच नव्हता, बाळाला काय भरवायचे एवढेच बोलणे होते! पण बाई दर आठवड्याला चार जणींत बसू लागली, तिच्या अंगावरचा वळ कुणीतरी पाहील हे नवऱ्याला कळले, आणि गावात तिला किंमत आली.

हे कसे घडते, ते वस्तीवर बसले की दिसते. दिवेलागणीची वेळ असते. पिठाचा डबा रिकामा असतो, पोराला ताप असतो, मुकादमाने उचल दिलेली नसते. बाई पन्नास रुपये मागते आणि तिथून सुरू होते. हातात थोडी बेगमी असली की ते मागणे टळते, मागणे टळले की त्या संध्याकाळचे भांडण टळते. गरिबीमुळे मारतात असे मी म्हणत नाही; बंगल्यांतही मारतात. पण रोजच्या मागण्यातून रोजची संधी तयार होते, ती तरी कमी होते. दुसरी गोष्ट अशी की ज्या बाईला माहेरी जायला गाडीभाडे आहे, तिच्याशी माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

घराच्या बाबतीत तर हे फार ठळक दिसते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्या स्त्रियांच्या नावावर जमीन नाही आणि घरही नाही, त्यांच्यातल्या ४९ टक्क्यांनी शारीरिक हिंसा सोसली होती. नुसती जमीन असलेल्यांत १८ टक्के, नुसते घर असलेल्यांत १० टक्के, दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. म्हणून घरकुलाच्या अर्जावर बाईचे नाव लावायला मी इतकी हट्टाला पेटते. काही बांधवांना तो माझा स्वभावदोष वाटतो, वाटू द्या.

या बाबतीत आपल्याच भागात एक मोठे उदाहरण आहे. शिरूर आणि दौंड या तालुक्यांमधून भीमा वाहते. ती ओलांडून दौंड तालुक्यात गेले की पुणे-दौंड रेल्वेवर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन सर्वांना माहीत आहे. आपण त्यांची आठवण काढतो ती बायबलच्या भाषांतरासाठी आणि १९०५ च्या संजीवनासाठी. मला आज त्यांचा तेलाचा घाणा आठवायचा आहे.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारने मदत छावण्या आणि गरीबखाने उघडले होते. तिथे अन्न मिळत होते, पण वाईट हेतूने तरुण मुली शोधणारी माणसेही तिथे फिरत होती, आणि कामावरच्या मुकादमांपासूनही मुली सुरक्षित नव्हत्या. रमाबाईंनी हे लिहून ठेवले आहे. बवाजाच्या शेताचीच गोष्ट, फक्त ताकीद देणारा बवाज नव्हता. त्यांनी शेकडो मुली आणि विधवा बरोबर आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत त्यांची सोय केली. १९०० च्या दुष्काळानंतर गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

तिथे काय केले? भाकरी दिली, छप्पर दिले, आणि लगेच हाताला काम दिले. विणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना. खिळे जुळवणाऱ्या, पुस्तके बांधणाऱ्या बाया तिथे तयार झाल्या, आणि रमाबाईंनी केलेले भाषांतर त्यांच्याच हातून छापले गेले. ज्या स्त्रियांची अब्रू लुटली गेली होती त्यांच्यासाठी कृपा सदन होते. त्यांना कोणी दाराबाहेर ठेवले नाही. मदत, संरक्षण आणि संगत या तिन्ही गोष्टी एका आवारात होत्या.

राज्याच्या पातळीवर असे पाऊल १९७२ च्या दुष्काळात पडले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना तेव्हा मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खडी फोडायला, नालाबांध घालायला बायका मोठ्या संख्येने आल्या, कारण काम मोजून दाम होते आणि बाई म्हणून दर कमी नव्हता. पण मजुरी कुणाच्या हातात पडते हा प्रश्न राहिलाच. तो पुढे मध्य प्रदेशात तपासला गेला. मनरेगाची मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात थेट जमा केली आणि खाते कसे वापरायचे ते शिकवले, तेव्हा बायका अधिक काम करू लागल्या. बाईने कमवावे की नाही याबद्दलचे त्यांचे विचारही काळाने मोकळे झाले. खाते नुसते काढून दिले, पण मजुरी त्यात वळवली नाही, तिथे एवढा फरक पडला नाही.

आता आपल्या वस्त्यांवर येऊ. शिक्रापूरच्या चौकात पुणे-नगर रस्त्याला चाकणचा रस्ता मिळतो. आजूबाजूला कारखाने आहेत, चासकमान कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आहे. फासेपारधी, भिल्ल, ठाकर कुटुंबे वीटभट्टीवर, ऊसतोडीला, कांदाकाढणीला जातात, काही नदीकाठी मासे धरतात. बायकांसाठी आज दोन योजना महत्त्वाच्या आहेत. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून आहे : २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रीला महिना १५०० रुपये. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची आहे. तिच्यात विधवा, पोटगी न मिळालेली घटस्फोटिता, अत्याचारग्रस्त स्त्री अशा सर्वांना १५०० रुपये मिळतात. दोन्हींचा लाभ एकाच वेळी घेता येत नाही.

निराधार योजनेची उत्पन्नाची अट पाहा. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवे, म्हणजे महिना १७५०. महिन्यातून सहा दिवस ३०० रुपये रोजाने कांदा काढायला गेलेली बाई १८०० मिळवते आणि कागदोपत्री निराधार राहत नाही! लाडकी बहीण योजनेत ही अडचण नाही. तिथली अडचण वेगळी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना नंतर कागद दाखवून सवलत मिळाली. पण जी मार खाऊन दोन लेकरांसह निघून आली, जिने कोर्टाचे तोंड पाहिलेले नाही, तिच्याकडे मृत्यूचा दाखला नाही आणि घटस्फोटाचाही नाही. ज्याच्यापासून ती पळाली त्याच्याच मोबाइलवर येणारा ओटीपी ती कसा मागणार? अशी एक बहीण भीमेकाठच्या वस्तीवर आईकडे राहते. तिच्यासाठी आमची कार्यकर्ती रहिवासाचा, उत्पन्नाचा दाखला घेत चार ठिकाणी फिरली. प्रत्येक फेरीला बहिणीचा एक रोज बुडाला. तो रोज आपल्या वर्गणीतून भरला गेला. पहिल्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर.

घरकुलासाठी जातीचा दाखला लागतो, आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पारध्यांचे आजे-पणजे त्या काळी कुठे होते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेखाली होते. तो कायदा गेला ऑगस्ट १९५२ मध्ये. ज्यांना कुठे स्थिर होऊ दिले नाही, त्यांच्या नातवंडांकडे आपण स्थिर वास्तव्याचा कागद मागतो.

याच इतिहासामुळे आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपण सहज म्हणतो, मार पडला तर ११२ ला फोन करावा. जीवावर बेतले तर करावाच. पण पारधी बाईच्या मनात पोलीस म्हणजे मदत असे चित्र नाही. गाडी वस्तीवर आली तर नवऱ्याबरोबर भावालाही दुसऱ्याच कुठल्या चोरीत घेऊन जातील, ही तिची भीती तीन पिढ्यांची आहे. वर जातपंचायतीचा धाक असतो. अशा बहिणीला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा रस्ता जवळचा वाटतो. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तिथे अर्ज पोलीस ठाण्यातूनच गेला पाहिजे असे नाही. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा, मारहाण न करण्याचा, खर्चाला पैसे देण्याचा आदेश मिळू शकतो. घर तिच्या नावावर नसले तरी तिथे राहण्याचा तिचा हक्क हा कायदा मानतो. लगेच अटक होत नाही, आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा ठरतो. स्त्री म्हणून आणि आदिवासी म्हणूनही तिला १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. हे सारे वस्तीवरच्या बाईला छापील पत्रकातून कळत नाही, शेजारी बसून सांगावे लागते, आणि एकदा सांगून भागत नाही.

प्रेषितांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार आली. तक्रार करणाऱ्यांना प्रेषितांनी गप्प केले नाही. सात माणसे नेमली, आणि सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, त्यांच्याच बाजूच्या लोकांकडे वाटप आले असे मला त्यातून दिसते. म्हणून अर्ज भरण्याच्या कामाला आम्ही आता वस्तीवरचीच, बारावी झालेली पारधी मुलगी घेतली आहे. ती त्यांच्या बोलीत विचारते आणि बायका तिला खरे सांगतात. पासबुक कुणाच्या ताब्यात आहे? बँक मित्राकडे अंगठा लावायला तुझ्याबरोबर कोण जाते? पैसे मोजून कुणाच्या हातात देतात? या तीन प्रश्नांत घराची सारी कुंडली कळते. कागदांच्या झेरॉक्स प्रती ती बायकांच्या संमतीने आपल्या केंद्रात कुलपात ठेवते, कारण भांडणात पहिल्यांदा चुलीत जाते ते आधार कार्ड.

राहिले पुरुषांशी बोलणे. ते सर्वांत अवघड आहे आणि ते मी करू शकत नाही, पुरुषांनीच करायचे असते. ऊसतोडीला जाण्याआधी, उचल घेण्याच्या दिवसांत वस्तीवरचे पुरुष एकत्र सापडतात. आपल्या मंडळीतले दोन बांधव तेव्हा त्यांच्यात जाऊन बसतात. उपदेश करत नाहीत. उचल किती, देणे किती, पोरांच्या शाळेचे काय, घरात हिशेब कोण ठेवतो, असे बोलत बोलत मुद्द्यावर येतात. एका बैठकीला एक म्हातारा म्हणाला, "बायकोला मारून ऊस काही जास्त तुटत न्हाय." सगळे हसले. त्यानंतर त्या फडावर काय झाले ते मला माहीत नाही, पण पुढच्या बैठकीला तो म्हातारा आणखी तिघांना घेऊन आला.

या दोन बांधवांना आणखी चार जणांची जोड हवी आहे. सुगीच्या तोंडावर महिन्यातून एक संध्याकाळ पुरे. इच्छा असेल त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे.

महिला मंडळात आणि पुरुषांच्या सभेत चर्चेसाठी :
रूथ २:९ मधली ताकीद आपल्या गावात आज कोणी, कोणाला, कुठे द्यायची?
आपल्या मंडळीतली एखादी बहीण त्या ७७ टक्क्यांत असेल, तर तिला प्रथम कोणाशी बोलावेसे वाटेल?
आपल्या स्वतःच्या घराच्या सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीवर कोणाचे नाव आहे?